चाहत्याची बिदागी क्रिप्टोत आली तर? – शिक्षक व पालकांसाठी एक पाठ



आज जरा वेगळा घटक घेऊ या. "मोठेपणी कोण होणार?" असं चौथी-पाचवीच्या वर्गात विचारून बघा. डॉक्टर, पोलीस, शिक्षक ही उत्तरं अजून येतात, पण त्यांच्याबरोबर "युट्यूबर होणार" हे उत्तरही हमखास येतं. आपल्यातले कितीतरी शिक्षकही कवितांना चाली लावून, गणिताच्या युक्त्या सांगून, गोष्टी वाचून व्हिडिओ टाकतात. ऐकणारे जसे गावात आहेत तसे पुण्या-मुंबईत आहेत, दुबईत आणि न्यू जर्सीतही आहेत. अशात एखाद्या दिवशी एखादा चाहता लिहितो, "तुमचं काम फार आवडलं. तुमचा वॉलेटचा पत्ता द्या, थोडे बिटकॉइन पाठवतो."

आता काय उत्तर द्यायचं? आनंदाने पत्ता द्यायचा, की घाबरून ब्लॉक करायचं? दोन्ही घाईचंच. आधी तीन गोष्टी माहीत हव्यात: आलेल्या रकमेची चावी कोणाकडे आहे, ती ज्या दिवशी आली त्या दिवशी रुपयात किती होती, आणि ती कोणी, कशासाठी दिली. या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहिता आली तर ती कमाई. लिहिता आली नाहीत तर ती पुढची कटकट आहे. आजचा पाठ एवढाच आहे. चला, एकेक पायरी बघू.

बिदागी आपल्याला नवी नाही

ऐकणाऱ्याने कलावंताला खुशीने पैसे देणं आपल्याकडे जुनंच आहे. कीर्तन संपलं की आरतीचं ताट फिरतं, बुवांना बिदागी मिळते. तमाशात दौलतजादा होते. पहाटे वासुदेव दारात आला की सुपातून धान्य दिलं जातं. देणाऱ्याला कोणी सक्ती करत नाही, पण घेणाऱ्याचं घर त्यावर चालतं.

इंटरनेटवर हेच ताट वेगवेगळ्या रूपात फिरतं. युट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू असताना प्रेक्षक 'सुपर चॅट' करून पैसे देतो. त्यातले साधारण ७० टक्के निर्मात्याला मिळतात, बाकी कंपनी ठेवते. काही जण व्हिडिओखाली यूपीआयचा क्यूआर कोड लावतात. आणि काही जण क्रिप्टोकरन्सीचा पत्ता देतात. ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनमधून टिप देण्याची सोय सुरू केली होती. ब्रेव्ह नावाच्या ब्राउझरमध्ये वाचक आवडत्या लेखकाला 'बॅट' नावाची टोकनं देऊ शकतात.

म्हणजे ताट तेच आहे. फक्त या शेवटच्या ताटात पडणारी वस्तू रुपया नाही. इथूनच फरक सुरू होतो.

क्रिप्टो म्हणजे काय? भिशीची वही आठवा

भिशीत कोणी किती भरले, कोणाला किती मिळाले, हे एका वहीत लिहितात. वही एकीकडेच असेल तर सगळा विश्वास तिच्यावर. आता कल्पना करा, त्याच वहीची हुबेहूब प्रत प्रत्येक सभासदाच्या घरी आहे, आणि नवी नोंद झाली की सगळ्यांच्या वह्यांत एकाच वेळी उतरते. मग एकाने खाडाखोड केली तरी बाकीच्यांच्या वह्या त्याला खोटं पाडतील. या सर्वांकडे असलेल्या वहीला ब्लॉकचेन म्हणतात.

बिटकॉइनची कल्पना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी ही वही सुरू झाली. तिच्यात साधारण दर १० मिनिटांनी नोंदींचं एक नवं पान जोडलं जातं. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त कधीच होणार नाहीत, असा नियम त्यातच घातलेला आहे. या वहीच्या मागे कोणतं सरकार नाही, रिझर्व्ह बँक नाही.

इथे एक घोटाळा टाळू या. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आणलेला 'ई-रुपया' म्हणजे क्रिप्टोकरन्सी नव्हे. तो आपला रुपयाच आहे, फक्त डिजिटल. बिटकॉइन मात्र भारतात कायदेशीर चलन नाही. ते बाळगणं गुन्हा नाही, विकता येतं, त्यावर कर आहे. पण किराणा दुकानदाराने ते घेतलंच पाहिजे असं बंधन नाही.

पत्ता आणि चावी: काचेची दानपेटी

क्रिप्टो घेण्यासाठी एक वॉलेट लागतं. त्यात दोन गोष्टी असतात. एक पत्ता, अक्षरं आणि अंकांची लांबलचक ओळ. दुसरी खासगी चावी.

देवळातली दानपेटी डोळ्यांसमोर आणा, पण ही पेटी काचेची आहे आणि चौकात ठेवलेली आहे. कोणीही येऊन तिच्यात पैसे टाकू शकतो, आत किती आहेत हेही कोणालाही दिसतं. पण उघडू शकतो तो फक्त चावीवाला. पत्ता म्हणजे ही पेटी. तो चाहत्यांना द्यायचा असतो. चावी मात्र कोणालाही द्यायची नसते.

'काचेची' हा शब्द लक्षात ठेवा. चॅनेलवर आपल्या नावाखाली पत्ता टाकला की त्या पत्त्यावर आजवर किती आलं, केव्हा आलं, पुढे कुठे गेलं, हे जगातल्या कोणालाही बघता येतं. पासबुक चावडीवर टांगण्यासारखंच हे. "क्रिप्टोत सगळं गुप्त असतं" हा समज निम्माच खरा आहे. पाठवणाऱ्याचं नाव वहीत नसतं, पण व्यवहार उघडा असतो. स्वतःचं नाव आपणच त्या पत्त्याला जोडलं की गुप्तता संपली.

चावी बहुतेक वॉलेटमध्ये १२ किंवा २४ साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपात मिळते. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून निवडलेले असतात. ज्याच्याकडे हे शब्द, त्याची पेटी. मग तो मालक असो की चोर. हे शब्द हरवले तर 'पासवर्ड विसरलात का?' असं बटण नाही, बँकेची शाखा नाही, शाखाधिकारी नाही. ब्रिटनमधल्या न्यूपोर्ट शहरात जेम्स हॉवेल्स यांची चावी असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची चावी होती. कचरा डेपो उकरू द्या म्हणून ते नगरपालिकेशी वर्षानुवर्षं भांडले आणि शेवटी जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. ते बिटकॉइन वहीत आजही दिसतात, पण घेता येत नाहीत.

"मग चावी दुसऱ्याकडे सांभाळायला देऊ," असं वाटेल. एक्सचेंजवर खातं उघडलं की तेच होतं, चावी कंपनीकडे असते. सोय आहे, पण जोखीमही आहे. रेडिट या संकेतस्थळावर लोक एकमेकांना डोजकॉइनची टिप द्यायचे. ती सांभाळणारी 'डोजटिपबॉट' ही सेवा मे २०१७ मध्ये बंद पडली आणि लोकांची नाणी चालवणाऱ्याने खर्चून टाकली होती असं उघड झालं. आपल्याकडे १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्सचेंजवर सायबर हल्ला झाला, २३ कोटी डॉलरच्या आसपासची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांना आपली क्रिप्टो काढण्यासाठी वर्षभराहून अधिक काळ थांबावं लागलं. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. इथे तसं काही नाही.

मग लोक हे घेतात तरी का?

फायदे आहेत, ते नाकारून चालणार नाही. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्स या संकेतस्थळाला देणग्या पोहोचवणं मोठ्या कार्ड कंपन्यांनी आणि पेपालने बंद केलं. पुढच्या वर्षी त्यांनी बिटकॉइन स्वीकारायला सुरुवात केली. मधला कोणी अडवू शकत नाही, हा याचा खरा गुण. ज्या देशांत बँकव्यवस्था मोडकळीला आली आहे किंवा परदेशातून पैसे मागवणं अवघड आहे, तिथल्या लेखक-कलावंतांना हा मार्ग उपयोगी पडतो.

दुसरा फायदा छोट्या रकमेचा सांगतात. बिटकॉइनच्या मूळ वहीत नोंद करायचं शुल्क रकमेवर नसतं, नोंदीच्या आकारावर आणि त्या वेळच्या गर्दीवर असतं. त्यामुळे ५० रुपयांची टिप पाठवायला कधी टिपेपेक्षा शुल्क जास्त होतं. यावर उपाय म्हणून 'लाइटनिंग' नावाची वेगळी जोडवाट आली. तिच्यावरून अगदी पैशा-रुपयाएवढी रक्कमही क्षणात जाते.

पण आपल्या परिस्थितीत हे फायदे तपासून बघा. साताऱ्यातल्या ताईला नाशिकचा चाहता ५० रुपये देणार असेल तर यूपीआयने ते बिनखर्चात आणि क्षणात मिळतात. अमेरिकेतला मराठी माणूस बँकेमार्फत किंवा युट्यूबच्याच सोयीतून पैसे देऊ शकतो. थोडा खर्च येतो, पण पाठवणाऱ्याच्या नावासह पक्की नोंद मिळते. म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक निर्मात्यांना क्रिप्टोची गरज पडतेच असं नाही. 'जमतंय' म्हणून घेणं आणि 'गरज आहे' म्हणून घेणं यात फरक करायला हवा.

गणिताचा भाग: १०० चे २३

नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरपर्यंत गेला होता. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६ हजारांच्या आसपास आला. त्या वरच्या भावाला चाहत्याने १०० डॉलरची टिप दिली असती आणि निर्मात्याने ती तशीच ठेवली असती, तर वर्षाने हातात साधारण २३ डॉलर उरले असते. उलटही होतं, भाव वाढतोही. पण किराणा आणि वीजबिल 'वाढेल कधीतरी' यावर भागत नाही.

याचं मोठं उदाहरण आपल्याच देशाशी जोडलेलं आहे. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, इथेरियमचे एक जनक विटालिक ब्युटेरिन यांनी भारतासाठीच्या क्रिप्टो मदतनिधीला 'शिबा इनू' नावाची टोकनं दिली. कागदावर त्यांची किंमत सुमारे १०० कोटी डॉलर होती. पण बातमी येताच टोकनचा भाव कोसळला आणि कागदावरची ती रक्कम निधीच्या हाती आली नाही. दिलेल्याचा आकडा आणि मिळालेल्याचा आकडा वेगळा असू शकतो, तो असा.

"मग डॉलरला बांधलेलं नाणं घ्यावं," असं कोणी सुचवतं. यूएसडीटीसारखी नाणी एका डॉलरच्या जवळपास राहावीत अशी रचना असते. पण रचना म्हणजे हमी नव्हे. 'टेरायूएसडी' हे असंच डॉलरला बांधलेलं नाणं मे २०२२ मध्ये काही दिवसांत कोसळलं. शिवाय एकच नाणं वेगवेगळ्या जाळ्यांवर चालतं. चाहत्याने एका जाळ्यावरून पाठवलं आणि आपला पत्ता दुसऱ्या जाळ्याचा असला तर रक्कम अडकते, कधी कायमची जाते. परत फिरवायचं बटण इथेही नाही.

कर: बिदागी की देणगी?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे घाई नको.

समजा, एक ताई गोष्टी सांगण्याचा चॅनेल चालवतात. एका श्रोत्याने त्यांना १०,००० रुपये किमतीचे बिटकॉइन पाठवले. ताईंच्या कामासाठी आले, म्हणून ती बिदागी झाली. पाठवणाऱ्याने 'भेट' असं लिहिलं तरी कामाचा मोबदला तो मोबदलाच. ज्या दिवशी आले त्या दिवशीच्या भावाने १०,००० रुपये हे ताईंचं उत्पन्न धरायचं आणि त्यांच्या टप्प्यानुसार त्यावर कर.

पुढे ताईंनी ते विकले, तर दुसरा हिशोब सुरू होतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीतून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. उत्पन्न कमी आहे म्हणून हा दर कमी होत नाही.

१३,००० ला विकले: नफा ३,०००. त्यावर ३० टक्के म्हणजे ९००, उपकर ३६, एकूण ९३६ रुपये. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही आहे, म्हणजे १३० रुपये आधीच कापले जातील. ते विवरणपत्रात वळते होतात.

६,००० ला विकले: तोटा ४,०००. आता नीट वाचा. हा तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा होत नाही, दुसऱ्या नाण्यावरच्या नफ्यातूनही नाही, आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. हातात ६,००० आले, पण उत्पन्न म्हणून १०,००० च धरले जातात.

म्हणून ज्यांना घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी साधा नियम: आलं की लगेच रुपयात बदलून बँकेत टाका. भाव वाढेल म्हणून ठेवणं हा बिदागीचा भाग नाही, तो वेगळा सट्टा आहे. तो करायचा की नाही हे वेगळं ठरवा.

रुपयात बदलतानाही एक खड्डा आहे. एक्सचेंज टाळून अनोळखी माणसाला थेट नाणी विकायची आणि त्याच्याकडून यूपीआयने पैसे घ्यायचे, असा प्रकार चालतो. समोरून आलेले पैसे कोणाला फसवून मिळवलेले असतील तर पोलीस तपासात आपलं बँक खातं गोठवलं जाऊ शकतं. पगाराचं खातं गोठलं तर घराचा हप्ता कुठून भरणार? मार्च २०२३ पासून भारतात क्रिप्टो सेवा देणाऱ्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. अशा नोंदणीकृत ठिकाणीच, स्वतःच्या पॅनवर विक्री करावी.

हिशोबासाठी मोठं सॉफ्टवेअर नको. आपण टाचण वही ठेवतो तशी कीर्द ठेवा. रकाने सहा: तारीख-वेळ, नाणं आणि संख्या, त्या दिवशीची रुपयातली किंमत, कोणी व कशासाठी दिलं, व्यवहार क्रमांक, केव्हा आणि कितीला विकलं. विवरणपत्र भरायच्या वेळी ही वही सीएंच्या पुढे ठेवा आणि आपल्या प्रकरणात काय लागू होतं याची खात्री करून घ्या.

सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी

हा परिच्छेद आपल्यासाठी आहे, म्हणून दोनदा वाचा. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. परवानगीशिवाय खासगी व्यवसाय करायला बंधन आहे. कधीतरी एखादा साहित्यिक किंवा कलाविषयक उपक्रम करणं वेगळं आणि चॅनेलवरून दरमहा पैसे घेणं वेगळं. क्रिप्टोच नव्हे, यूपीआयचा क्यूआर कोड लावण्याआधीही मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी मागावी. खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी आपल्या संस्थेचे आणि सेवेचे नियम पाहावेत.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. परकीय योगदान नियमन कायदा २०१० प्रमाणे शासकीय सेवकाला परकीय स्रोताकडून देणगी घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीने त्यात 'लोकसेवक' हा शब्दही घातला. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला मराठी माणूस परकीय स्रोत ठरत नाही. तिथलं नागरिकत्व घेतलेला मात्र ठरतो. आता विचार करा, वॉलेटमध्ये आलेल्या रकमेवर नाव नसतं, देश नसतो, पासपोर्ट तर नसतोच. उद्या कोणी विचारलं, "हे कोणी पाठवलं?" तर आपण काय दाखवणार? ज्या प्रश्नाचं उत्तर देणं आपल्या हातात नाही, तो प्रश्न नोकरीवर ओढवून घेऊ नये. सेवेतल्या शिक्षकाने क्रिप्टोचा पत्ता चॅनेलवर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पालकांसाठी: मूल १८ वर्षांखालचं असेल तर

आठवी-नववीतला मुलगा गेमिंगचे व्हिडिओ टाकतो आणि त्याला कोणीतरी नाणी देऊ करतं, असं घडू शकतं. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे अज्ञान मुलाला करार करता येत नाही, म्हणून एक्सचेंजवर १८ वर्षांखाली खातं उघडता येत नाही. पण स्वतःचं वॉलेट डाउनलोड करायला कोणी वय विचारत नाही! नेमकी हीच फट आहे. मूल नाणी घेऊ शकतं, पण नियमाने विकू शकत नाही. मग ते 'ओळखीच्या दादा'कडून विकून घेतं आणि तिथून फसवणूक सुरू होते.

काही पालक म्हणतात, "माझ्या खात्यात घेऊ." मग नोंद पालकांच्या पॅनवर होते, प्रश्नही पालकांनाच येतात. मुलाने स्वतःच्या कौशल्यातून मिळवलेलं उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, असा आयकराचा नियम आहे. मुलाचा स्वतःचा पॅन काढता येतो, बँकेत खातं उघडता येतं. म्हणून मुलाची कमाई खरोखर सुरू झाली असेल तर ती रुपयात, मुलाच्या बँक खात्यात, पालकांच्या नजरेखाली येऊ द्या.

आणि मुलाला रागावू नका. रागावलेलं मूल पुढच्या वेळी सांगत नाही. त्याला चार वाक्यं पाठ करून द्या:

१. बारा शब्द कोणालाही सांगायचे नाहीत. मदत केंद्राच्या माणसालाही नाही.
२. पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे भरायला सांगितले तर ती फसवणूक आहे.
३. अनोळखी व्यक्तीने बक्षीस दिलं तर त्याच दिवशी घरी सांगायचं.
४. फसवणूक झालीच तर लपवायचं नाही, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा.

दुसरं वाक्य सगळ्यात कामाचं. "तुमच्या चॅनेलला ५० हजारांची टोकनं मिळाली आहेत, सोडवून घ्यायला फक्त २ हजार शुल्क भरा" हा निरोप नवख्या निर्मात्यांना ठरवून पाठवला जातो. खऱ्या चाहत्याला आपल्याकडून काही नको असतं.

वर्गात याचं काय कराल?

प्राथमिकच्या मुलांना क्रिप्टो शिकवायची गरज नाही. पण या विषयातून आपल्या पाठ्यक्रमाचे दोन घटक छान निघतात.

दशांश अपूर्णांक: एका बिटकॉइनचे १० कोटी भाग करतात. त्या एका भागाला सातोशी म्हणतात. म्हणजे १ सातोशी = ०.०००००००१ बिटकॉइन. दशांश चिन्हानंतर सात शून्यं आणि मग एक. मुलांना विचारा, ५,००० सातोशी म्हणजे किती बिटकॉइन? उत्तर ०.००००५. एक शून्य चुकलं तर रक्कम दहापट बदलते, हे फळ्यावर दाखवा. दशांश चिन्हाचं महत्त्व मुलांच्या एकदम लक्षात येतं.

सर्वांची वही: पाच मुलांचे गट करा. प्रत्येकाला १० खडे आणि एक कोरा कागद द्या. कोणी कोणाला खडे दिले की पाचही जणांनी आपापल्या कागदावर नोंद करायची. मधेच एका मुलाला गुपचूप आकडा बदलायला सांगा. बाकीचे चौघे त्याला कसे पकडतात ते बघा. ब्लॉकचेन हा शब्द न वापरताही कल्पना पोहोचते, आणि प्रामाणिक नोंदीची किंमतही.

स्वाध्याय (मोठ्यांसाठी)

१. तुमच्या ओळखीतला निर्माता चाहत्यांकडून पैसे कोणत्या मार्गाने घेतो? त्यात चावी कोणाकडे आहे?
२. ८,००० रुपये किमतीची क्रिप्टो बिदागी म्हणून आली आणि १०,००० ला विकली. नफ्यावरचा कर आणि उपकर काढा. (उत्तर: ६०० + २४ = ६२४ रुपये)
३. घरातल्या मुलाच्या मोबाइलमध्ये कोणतं वॉलेट आहे का, हे त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच हाताने बघा.

कलेला दाद मिळाली की कोणालाही बरं वाटतं, आणि ती पैशाच्या रूपात आली तर त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ती अशा ताटात घ्या, ज्यातला प्रत्येक रुपया कोणी टाकला आणि केव्हा टाकला हे तुम्ही चारचौघांत सांगू शकाल. चाहता क्रिप्टोच देतो म्हणाला तर नम्रपणे लिहा, "तुमच्या भावना पोहोचल्या. शक्य असेल तर बँकेतून किंवा यूपीआयने पाठवा, नाहीतर व्हिडिओ आणखी चार जणांना दाखवा." खरा चाहता यावर कधीच रुसत नाही.

वर्गात खड्यांचा खेळ घेतलात तर मुलांनी काय काय शोधून काढलं ते नक्की कळवा.